खाली बघणारी बाई

“मंडळी, ही बादली बघा. हिला दोन्ही अंगांनी भोक आहे. ते गोळीनं पडलेलं नाही, लाकडाच्या पात्यानं पडलंय. तसलंच पातं आता तुमच्यासमोर फिरणार आहे. दोरीच्या आत कुणी यायचं नाही. ज्यांना यायचंच आहे त्यांनी आधी बादलीत डोकं घालून आरपार बघून घ्यावं.”

नव्वदच्या दशकात सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या कितीतरी लग्नांत, उद्घाटनांत आणि वाढदिवसांत मी हे भाषण ठोकलंय. लोक हसायचे. हसले की मला हायसं वाटायचं, कारण हसलेला माणूस पुढचं ऐकतो. हाताची घडी घालून गंभीरपणे उभा राहणारा माणूस मात्र धोक्याचा. इंजिन सुरू झालं की नेमका तोच दोरीखालून वाकून आत येतो आणि म्हणतो, “काय न्हाई हुत वहिनी, आमी ट्रॅक्टर चालवतो.”

आमचा धंदा होता फुलं उधळायचा. त्या काळात मोठ्या पुढाऱ्यांवर खऱ्या हेलिकॉप्टरमधून पुष्पवृष्टी व्हायची. ज्यांना ते जमणारं नव्हतं, पण आपल्या नवरदेवावरही आभाळातून फुलं पडावीत अशी हौस होती, ते आमच्याकडे इस्लामपूरला यायचे. आमचं हेलिकॉप्टर छोटं. माणूस जमिनीवर उभा राहून, गळ्यात रिमोट अडकवून ते उडवायचा. उभं केलं तर गुडघ्याच्या जरा वर येई; पण पाती पसरली की दारातून आडवं आत जात नसे. इंजिन मुठीएवढं आणि आवाज मात्र पिठाच्या गिरणीसारखा. पोटाखाली हलका पत्र्याचा डबा, त्याला झडप. रिमोटचं बटण दाबलं की झडप उघडायची आणि गुलाबाच्या सुकवलेल्या पाकळ्या खाली भिरभिरत यायच्या. त्या कधी नवरदेवावर पडत, कधी वारा असला की आचाऱ्याच्या भातावर.

उडवायचे माझे मालक. मी त्यांना ‘अहो’ म्हणते, गाव ‘फौजी’ म्हणतं. फौजेत ते रेडिओ दुरुस्त करायचे. बंगळूरला असताना एका साहेबांचं छंदाचं हेलिकॉप्टर पडून मोडलं. साहेबांची बदली झाली आणि मोडलेल्या तुकड्यांचं खोकं यांच्याकडे राहिलं. पेन्शन घेऊन आम्ही इस्लामपूरला आलो तेव्हा काळ्या ट्रंकांबरोबर ते खोकंही उतरलं. मी विचारलं, “ह्यात काय आहे?”

“थोडंसं हेलिकॉप्टर आहे,” हे म्हणाले.

रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि फावल्या वेळात ते थोडंसं हेलिकॉप्टर हळूहळू पुरतं झालं. पाती परदेशातून मागवणं शक्य नव्हतं, म्हणून यांनी सुताराकडून करून घेतली. रंग दिलेली, गुळगुळीत, बघायला फार देखणी. एका सकाळी दुकानामागच्या अंगणात, हेलिकॉप्टर फळीला घट्ट बांधून, हे त्या पात्यांची चाचणी घेत होते. मी धुणं वाळत घालत होते. इंजिनाचा आवाज चढला, मग सगळं यंत्र थरथरायला लागलं, आणि कानाशी काहीतरी सूं करून गेलं. मी मागं वळून पाहिलं तर निळी बादली आडवी पडलेली, पाणी वाहतंय आणि पात्याचा तुकडा पलीकडच्या भिंतीतल्या मातीत रुतलेला.

यांनी इंजिन बंद केलं. तिथंच जमिनीवर बसले. मीही बसले. मग मी म्हटलं, “लुगडी पुन्हा धुवावी लागतील.” आणि दोघांनाही वेड्यासारखं हसू फुटलं.

पात्यांची खोड नंतर कळली. दोन पात्यांच्या वजनांत थोडा फरक होता. एवढ्या वेगात फिरताना तो थोडासा फरकही यंत्राला फाडून काढतो. तेव्हापासून आमची पाती सोनाराच्या काट्यावर तोलली जायची. सोनार आधी दचकला. नंतर त्याला गोडी लागली, गिऱ्हाईक दागिने घेऊन बसलेलं असलं तरी तो म्हणायचा, “थांबा, आधी फौजींची पाती बघू द्या.”

त्याच दिवशी हे म्हणाले, “एकट्यानं हे काम होत नाही. उडवणाऱ्याची नजर यंत्रावरून हलली की संपलं. यंत्राचं तोंड कुठं आहे, पाठ कुठं आहे, हेच मग कळत नाही. खाली कोण आलंय, कोण गेलंय, हे दुसऱ्या कुणीतरी बघायला पाहिजे.”

दुसरं कोण असणार? मी शाळेत खो-खोची खेळाडू. पायांत पळ होता, गळ्यात आवाज होता आणि शिट्टी वाजवायची लाज नव्हती. असं माझं काम ठरलं: खाली बघायचं. मैदानाला खुंट्या ठोकून चौकोनी दोरी बांधायची. वाऱ्याला पदर धरून दिशा बघायची. विजेच्या तारा कुठं आहेत ते यांना चालत नेऊन दाखवायचं. इंजिन सुरू करताना पात्यांच्या रेषेत कुणी उभं नाही ना, बघायचं. कारण पातं निसटलं तर ते वर-खाली जात नाही, आडवंच सुटतं. आणि मग यांच्या डाव्या खांद्यामागं उभं राहायचं. हे विचारायचे, “क्लियर?” मी चहूकडे बघून म्हणायचे, “क्लियर.” त्याशिवाय यंत्र जमीन सोडायचं नाही आणि जमिनीवर टेकायचंही नाही.

लोकांना वाटायचं मी दिवसभर हेलिकॉप्टर बघते. खरं तर मी ते उडताना कधी धड पाहिलंच नाही. सगळा मांडव माना वर करून ‘अरे वा’ म्हणत असताना मी त्यांच्या माना बघत असायचे. याची थोडी हळहळ आजही वाटते.

धोका नेहमी पात्यांचाच असायचा असं नाही. तासगावच्या बाजूला एका लग्नात आमच्या इंधनाच्या डब्याभोवती नवरीचे मामा घुटमळत होते. आमच्या इंजिनाला पेट्रोल चालत नसे. मिथेनॉल नावाचं स्पिरिट आणि एरंडेल असं मिश्रण लागायचं. झाकण उघडलं की वास दरवळायचा. मामांच्या हातात स्टीलचा पेला होता.

“वहिनी, लय भारी वास हाय,” मामा हळूच म्हणाले. “मिलिट्रीची हाय न्हवं?”

“मामा, ही प्यायची नाही. इंजिनाची आहे.”

“आवं, घोटभर. कुणाला सांगत न्हाई मी.”

हे स्पिरिट पोटात गेलं तर माणसाचे डोळे जातात, जीवही जातो. ते मी त्यांना सांगितलं. ते नुसते मान हलवत हसले. असल्या धमक्या त्यांनी घरी पुष्कळ ऐकल्या असाव्यात. शेवटी मी म्हटलं, “बरं, घ्या. पण यात पाचवा हिस्सा एरंडेल आहे. अजून पंगत बसायची आहे, वरात निघायची आहे. तुमचं तुम्ही बघा.”

मामांनी पेला उपडा करून झटकला आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात मांडवाकडे गेले. जिवाच्या भीतीनं जे झालं नाही ते एरंडेलानं झालं. पण मला घाम फुटला होता. एखादा मामा न विचारता पेला भरून घेता तर? दुसऱ्या दिवशी मी यांच्या काळ्या ट्रंकेला कुलूप लावलं आणि इंधन त्यात ठेवायला लागले. किल्ली माझ्या कनवटीला. हे इंधन पेटलं तर उन्हात त्याची ज्योत दिसतसुद्धा नाही, म्हणून ट्रंकेजवळ कायम भिजवलेलं पोतं. यांच्या हातावरचे केस एकदा असेच न दिसणाऱ्या जाळानं गेले होते. ‘चटका कुठून बसला’ म्हणून हे इकडंतिकडं बघत होते आणि मी पोतं घेऊन त्यांच्या अंगावर.

कऱ्हाडला नदीकाठच्या मैदानात एक उद्घाटन होतं. इंजिन सुरू करायच्या आधी हे नेहमी रिमोट लावून सगळे सांधे हलवून बघायचे. त्या दिवशी त्यांनी हात लावायच्या आधीच फुलांच्या डब्याची झडप आपोआप उघडली आणि सगळ्या पाकळ्या जमिनीवर सांडल्या. मी म्हटलं, “हे काय?”

“दुसरा कुणीतरी आपल्याच नंबरावर आहे,” हे म्हणाले.

रेडिओचे नंबर असतात. दोन रिमोट एकाच नंबरावर लागले तर यंत्राला कुणाचं ऐकावं ते कळत नाही. मी काठाकाठानं पळत सुटले. वळणापलीकडे इंजिनिअरिंग कॉलेजचे तीन विद्यार्थी, आणि त्यांच्या डोक्यावर एक पिवळं विमान दारू प्यायल्यासारखं गिरक्या घेत होतं. एकजण ओरडत होता, “गेलं रं, गेलं! ऐकंना झालंय!”

मी तिथूनच यांना लांब शिट्टी दिली. बंद करा, अशी आमची खूण होती. यांनी रिमोट बंद केला आणि पिवळं विमान पाण्याला टेकता टेकता सरळ झालं. त्या पोरांना वाटलं, ह्या बाईनं शिट्टी मारून विमान वाचवलं. मी त्यांना नंबराची भानगड समजावली आणि पिशवीतून कपडे वाळत घालायचा चिमटा काढला. “ज्याच्या रिमोटला हा चिमटा लागलेला असेल त्यानंच रिमोट चालू करायचा. आधी आमचं उद्घाटन होऊ दे, मग चिमटा तुमच्याकडे.” पुढं ही मुलं कऱ्हाडहून आमच्या दुकानात यायला लागली. आली की आधी विचारायची, “काकू, चिमटा कुणाकडं हाय?”

आता कुस्तीच्या मैदानाचं सांगते. त्यानंतर आम्ही कुठल्याच यात्रेत हेलिकॉप्टर उडवलं नाही.

कृष्णाकाठचं एक गाव. चैत्रातली यात्रा, आणि यात्रेचं मोठं कुस्तीचं मैदान. यात्रा कमिटीचे अध्यक्ष बापू स्वतः दुकानात आले होते. शेवटची कुस्ती निकाली झाली की जिंकलेल्या पैलवानावर फुलं पडली पाहिजेत, अशी त्यांची मागणी.

मी म्हटलं, “बापू, कुस्ती सुटली की माणसं आत घुसतात. दोरी टिकत नाही. फुलं आधी टाकू, कुस्ती लागायच्या आधी.”

“आवं वहिनी, आधी टाकून काय उपेग? जिकल्याल्यावर पडाय पायजेत.” बापूंनी यांच्याकडे बघितलं. “काय फौजी? मी मानसं बसवून ठेवतो. माझा शब्द हाय.”

बापूंच्या शब्दावर गाव चालायचं. हे म्हणाले, “एकदा करून बघू.” माझं ‘नाही’ तेव्हा सल्ल्यासारखं होतं, हुकमासारखं नव्हतं.

मैदान गच्च भरलं होतं. मधोमध तांबड्या मातीचा आखाडा, भोवती माणसंच माणसं, झाडांवर माणसं, उसाच्या ट्रॉल्यांवर माणसं. आखाड्याच्या एका अंगाला आम्ही दोरीचा चौकोन घातला. शेवटच्या कुस्तीत एका बाजूला तिथलाच, गावाचा लाडका पैलवान, दुसऱ्या बाजूला आटपाडीकडचा बिरू. बिरू मेंढपाळाच्या घरचा, उंचापुरा, सावळा, बोलायला लाजरा. त्याच्याबरोबर त्याचे म्हातारे वस्ताद होते आणि त्याच्या बाजूनं ओरडणारे असे तेवढेच.

कुस्ती लागली आणि लांबत गेली. दोघं एकमेकांच्या मानेवर हात टाकून रेटारेटी करत राहिले. मग गावच्या पैलवानानं बिरूचा पट काढला, बिरू खाली गेला, आणि बापूंना वाटलं, आता झालीच. त्यांनी हात केला. यांनी इंजिन सुरू केलं, मी “क्लियर” म्हटलं, हेलिकॉप्टर वर गेलं. आणि बिरू चितपट व्हायचं नाव घेईना. मातीत पालथा पडून तो भिंतीसारखा राहिला. आमच्याकडे इंधन असायचं पंधरा मिनिटांच्या आसपासचं. मी यांना म्हणाले, “उतरवा. पुन्हा भरू.” हे “हो” म्हणाले आणि नेमकी त्याच क्षणी कुस्ती झाली. बिरूची पाठ मातीला लागली.

काय गर्जना उठली! बापूंचा शब्द बापूंपाशीच राहिला. सगळं मैदान उठून आत आलं. आमची दोरी कुणाच्या पायात गेली ते कळलंसुद्धा नाही. आणि फेटे! आनंदानं माणसं फेटे वर उडवायला लागली. लांबलचक कापड हवेत उलगडत वर जायचं आणि त्याच्या थोडंच वर आमची पाती फिरत होती. एक फेटा पात्यांत अडकला असता तर ते चालतं यंत्र, गरम इंजिन आणि राहिलेल्या इंधनासकट, माणसांच्या डोक्यांवर आलं असतं. यांनी हेलिकॉप्टर सरळ उंच नेलं.

मी शिट्टी फुंकली. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. कुस्तीच्या मैदानात पंचांच्या शिट्ट्या सकाळपासून वाजत होत्या. त्यात माझी कोण ओळखणार? चौकोनात माणसं, आखाड्यात माणसं. टेकवायला हातभर जमीन मोकळी नाही. आणि माणसांचा लोंढा यांच्या अंगावर येत होता. एक धक्का कोपराला बसला की संपलं. मी खांद्यामागं उभी राहिले तर जमीन मोकळी होत नाही, जमीन मोकळी करायला गेले तर यांना सांभाळणारं कुणी नाही. मला रडू यायचं बाकी होतं.

तेवढ्यात बिरू दिसला. सगळे जिंकलेल्याभोवती, आणि हा आखाड्याच्या कडेला एकटा, अंगभर तांबडी माती, खाली मान घालून उभा. मी त्याचा दंड धरला.

“पैलवान, ह्या माणसाला कुणाचा धक्का लागू देऊ नका.”

“कोन हायत ह्ये?”

“माझे मालक. ते वरचं यंत्र त्यांच्या हातात आहे. धक्का लागला तर ते माणसांवर पडेल.”

बिरूनं एकदा वर बघितलं. तो यांच्याकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून उभा राहिला. माणसं येऊन त्याच्यावर आपटायची आणि दोन्ही बाजूंनी वाहून जायची. यांना त्याची दादही नव्हती. डोळे आभाळात.

मी हलगीकडे पळाले. आमच्या घराण्यात पूर्वी हलगी होती. छप्पन्न साली बाबासाहेबांबरोबर धर्मांतर झाल्यावर आजोबांनी ती खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही, आणि त्याचा मला अभिमानच आहे. पण हलगी जिकडं चालते तिकडं जत्रा चालते, हे घरातल्या बोलण्यातून कानावर आलेलं होतं. मैदानात हलगी वाजवत होते शंकरनाना, पिकलेल्या मिशांचे. जिंकलेल्या पैलवानाला खांद्यावर घेतलेली मंडळी त्यांच्याभोवतीच नाचत होती.

मी त्यांच्या कानाशी ओरडले, “नाना, वाजवत देवळाकडं चला!”

“आत्ताच? अजून बक्षीस न्हाई दिलं पैलवानाला.”

“नाना, वर बघा!”

नानांनी वर बघितलं. मग माझ्याकडे. त्यांच्या हाताखालचा ठेका बदलला. उभ्यानं वाजवायचा ठेका सोडून त्यांनी मिरवणुकीचा धरला आणि बापू “आवं, कुठं चाललाय?” म्हणून ओरडत असताना देवळाच्या वाटेला लागले. खांद्यावरचा पैलवान हलगीमागं वळला. पैलवानामागं फेटे वळले. फेट्यांमागं सगळं मैदान.

मी परत पळत आले तेव्हा वरचा आवाज बदललेला होता. इंधन संपत आलं की इंजिन बारीक, किरट्या आवाजात रडायला लागतं. हे अजून उंच चालले होते. नवख्याला वाटतं, इंजिन बंद पडणार असेल तर खाली यावं. पण घराच्या छपराएवढ्या उंचीवर इंजिन थांबलं तर यंत्र दगडासारखं पडतं. बरंच वर असेल तर पात्यांचा कोन बदलून ती नुसत्या वाऱ्यावर फिरती ठेवता येतात, शेवग्याच्या शेंगेतली पंखवाली बी गरगरत येते तशी. अगदी जमिनीजवळ आलं की पुन्हा कोन बदलून पडणं अडवायचं. एकदाच. दुसरी संधी नसते.

इंजिन थांबलं. एवढ्या गोंगाटात ती शांतता मला ऐकू आली.

“क्लियर?” हे ओरडले.

चौकोनात अजून माणसं होती. मी आखाड्याकडे पाहिलं. मोकळा! पायांनी तुडवलेली, तेल-ताक पाजून मऊ केलेली तांबडी माती, आणि त्यावर कुणी नाही.

“आखाड्यात! तांबड्या मातीत! क्लियर!”

आणि मग जे मी कधीच करत नसे ते केलं. वर बघितलं. आवाज न करता, पात्यांची नुसती फरफर करत, ते उन्हातून तिरकं खाली येत होतं. इतकं सुंदर दिसेल असं मला वाटलं नव्हतं. जमिनीपाशी आल्यावर त्यानं नाक जरा वर उचललं, क्षणभर थबकलं, आणि मातीत टेकलं. शेपटी थोडी वाकली. पाती दोन-चार संथ फेरे घेऊन थांबली. कुणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता.

यांना गळ्यातला रिमोटचा पट्टा काढता येईना. मी तो सोडवला. हे म्हणाले, “इथून पुढं तू नाही म्हणालीस की नाही.” मी म्हटलं, “आधी पाणी प्या.”

बापू धापा टाकत आले. “फौजी, आवं फुलं? पैलवान देवळात गेला आन् फुलं पडलीच न्हाईत!”

डबा तसाच भरलेला होता. बापूंना अजून काय झालं होतं ते कळलेलं नव्हतं, आणि ते समजावून सांगायची आमच्यात ताकद नव्हती.

बिरू अजून तिथंच उभा होता. पाठ यांच्याकडे, दोन्ही हात पसरलेले, समोर एकही माणूस नाही. झालं म्हणून त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं काय केलं ते मी यांना सांगितलं. यांनी आखाड्यात जाऊन हेलिकॉप्टरच्या पोटाखालचा डबा सोडवला, तो घेऊन बिरूपुढं गेले, आणि टाचा उंचावून सगळ्या पाकळ्या त्याच्या डोक्यावर ओतल्या.

बिरू गोंधळला. “आवं, मी हरलोय.”

“असशील,” हे म्हणाले. “मी वर बघत होतो.”

बापूंनी तोंड उघडलं, पण बिरूकडे बघून हसायला लागले. घामानं भिजलेल्या तांबड्या मातीवर पाकळ्या जागच्या जागी चिकटल्या होत्या. खांद्यांवर, छातीवर, फुगलेल्या कानांवर.

आम्ही सामान टेम्पोत भरत होतो तेव्हा बिरू आणि त्याचे वस्ताद एस.टी.च्या थांब्याकडे निघाले. बिरूनं नुसता सदरा वरून घातला होता. वस्ताद विहिरीकडे हात करून म्हणाले, “आंघूळ करून घे की रं. असाच बसनार गाडीत?”

“ऱ्हाऊ द्या वस्ताद,” बिरू म्हणाला. “आईला दावतो आधी.”